मदत हवी आहे: गिरिपुष्पाचे खुंट रसायनाशिवाय कसे मारावेत?

पुण्याच्या टेकड्यांवर संस्थेतर्फे देशी जंगल परत आणायचं काम चालू आहे. मुख्य अडचण गिरिपुष्प (उंदीरमारी) या परदेशी झाडाची. बुंध्याशी तोडलं की खुंटाला फुटव्यांचा झुबका येतो आणि खालची सालई, मोई, धावड्याची रोपं सावलीत खुरटतात. सगळं एकदम तोडलं तर मोकळ्या जागेत घाणेरी घुसते, म्हणून विरळणी टप्प्याटप्प्यानेच हवी.

आता खोडाची वीतभर रुंदीची साल गोलाकार काढून झाड वाळवायचा विचार आहे. सालीखालचा ओला, बुळबुळीत थर खरवडला नाही तर साल पुन्हा जुळते, हे माहीत आहे. पण साल काढलेल्या पट्ट्याच्या खालून येणारे फुटवे किती दिवसांनी खुडावेत? आणि साल कोणत्या महिन्यात काढावी? कोरड्या, मुरमाड उतारावर प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा. पावसाआधी ठरवायला हवं.