बीपीची अर्धी गोळी प्रवास विम्याच्या फॉर्मवर लिहायची की नाही?

दांडियाबाजारकर:
परवा 'स्पष्टवक्ता' यांनी येथे लिहिले की साठी ओलांडलेल्या, शुगर-बीपी असलेल्या माणसाने परदेश प्रवासाचा विमा घेताना आजारांच्या प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही' लिहावे, व्हिसापुरती सर्वांत स्वस्त पॉलिसी घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत नातवंडांना खाऊ न्यावा, कारण खरे लिहिले तरी क्लेम बुडतो आणि खोटे लिहिले तरी बुडतो. त्याखाली एकाहून एक शाबासक्या वाचल्या आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे थोरले बंधू न्यू जर्सीला मुलाकडे गेले तेव्हा त्यांचा फॉर्म ट्रॅव्हल एजंटच्या पोराने भरला. बंधू समोर चहा पीत बसले होते. पोराने एकही प्रश्न न विचारता आठही ठिकाणी 'नाही' वर खूण केली, आणि बंधूंनी, जे आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासत आले, न वाचता सही ठोकली. तिकडे पाचव्या आठवड्यात छातीत दुखू लागले. इमर्जन्सीत नर्सने सुनेला विचारले, "आधीचे काही?" सुनेने पर्समधून औषधांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि सांगितले, "बीपी, आठ वर्षांपासून." ती आठ वर्षे डिस्चार्जच्या कागदाच्या दुसऱ्याच ओळीत छापून आली आणि कंपनीला तेवढी ओळ पुरली. बिल 64,000 डॉलरचे होते. घासाघीस करून ते बरेच खाली आले, तरी पुतण्या ते अजून हप्त्याने फेडतो आहे.

आपले खोटे पकडायला कंपनी गुप्तहेर नेमत नाही, ते आपल्याच घरचे माणूस सांगते, कारण इमर्जन्सीत उभे राहून डॉक्टरशी कोणी खोटे बोलत नाही, आणि बोलूही नये. तेव्हा फॉर्मवर 'नाही' लिहिणाऱ्याने सुनेलाही पढवून ठेवावे लागेल, हे 'स्पष्टवक्ता' यांनी लिहायचे राहून गेले असावे.

स्पष्टवक्ता:
दांडियाबाजारकर, आपल्या बंधूंचे वाईट वाटले, पण माझीही हकीकत ऐका. मी सर्व खरे लिहिले होते. मधुमेह, अकरा वर्षे, दोन गोळ्या, इन्सुलिन नाही. जादा प्रिमियम भरला. टोरांटोला पायाला बुटाने फोड आला, त्याचा संसर्ग घोट्यापर्यंत चढला, तीन दिवस रुग्णालयात शिरेतून औषध चालले. कंपनीचे उत्तर आले की हा त्रास मधुमेहाशी संबंधित आहे, मधुमेह आधीपासूनचा आहे, आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च फक्त जिवावर बेतले तरच मिळतो. म्हणजे पाय काळा पडेपर्यंत मी घरी बसायला हवे होते. प्रिमियम घेताना माझा मधुमेह त्यांना चालला, पैसे देताना तोच आडवा आला. आता सांगा, माझ्या खरेपणाचे मला काय मिळाले?

विमा प्रतिनिधी, 22 वर्षे:
स्पष्टवक्ता साहेब, आजार लिहून घेणे वेगळे आणि त्या आजाराचे कव्हर मिळणे वेगळे. ही गल्लत बहुतेक जण करतात, आणि खरे सांगायचे तर आमच्या धंद्यातले निम्मे लोक ती होऊ देतात. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारासाठी जीव धोक्यात असेपर्यंतच, प्रकृती स्थिर होईपर्यंतच, आणि ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मिळतो. ती रकमेची ओळ पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्यात नसते, ती आत असते. ज्येष्ठांना तर वयानुसार खोलीभाडे, शस्त्रक्रिया यांवरही वेगळ्या मर्यादा असतात. पॉलिसी घेताना "माझा मधुमेह लिहिला का?" एवढेच विचारून थांबू नये. "मधुमेहामुळे काही झाले तर किती आणि कोणत्या अटीवर देणार?" हे विचारून उत्तर ईमेलवर घ्यावे.

स्पष्टवक्ता:
22 वर्षांत हे किती ग्राहकांना आपणहून सांगितलेत?

विमा प्रतिनिधी, 22 वर्षे:
सगळ्यांना नाही. पुढे बोला.

कारेलीबागची सून:
मला या वादात एक साधा प्रश्न विचारायचा आहे. माझ्या सासूबाईंना पूर्वी बीपीची एक गोळी होती, फेब्रुवारीत डॉक्टरांनी ती अर्धी केली. तेव्हापासून त्या सर्वांना सांगतात की माझे बीपी गेले. जूनमध्ये आम्ही नणंदेकडे जर्मनीला जाणार आहोत. शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाला किमान 30,000 युरोंचा विमा लागतोच, म्हणून फॉर्म समोर उघडून बसले आहे, आणि सासूबाई 'उच्च रक्तदाब' या शब्दापुढे 'होय' लिहू देत नाहीत. त्यांचे म्हणणे, अर्धी गोळी म्हणजे आजार नव्हे, ती नुसती सवय आहे. काय लिहू?

निवृत्त फॅमिली डॉक्टर:
ताई, 'होय' लिहा. गोळी घेतल्यामुळे बीपी नॉर्मल येते, याचा अर्थ बीपी नाही असा होत नाही. छत्रीखाली उभे राहून पाऊस थांबला म्हणण्यासारखे ते आहे. चाळीस वर्षे मी हे वाक्य दिवसातून चार वेळा ऐकले आहे, आणि ऐकवणारे बहुधा गोळी स्वतःच बंद करून आठवड्याने डोके धरून परत येत.

कमाटीबागेतला फिरस्ता:
डॉक्टरसाहेब, क्षमा असावी, पण तुम्ही मंडळीच ही गोंधळाची मुळे आहात. मला कोलेस्टेरॉलची गोळी देताना माझ्या डॉक्टरांनी शब्दशः सांगितले होते, "काही झालेले नाही, नुसती खबरदारी म्हणून घ्या." मग खबरदारी हा आजार झाला का? फॉर्मवर 'खबरदारी आहे का' असा प्रश्न मला दिसला नाही. उद्या सेव-उसळ बंद केली म्हणून तेही लिहायचे का?

निवृत्त फॅमिली डॉक्टर:
फॉर्मवर 'आपण नियमित कोणते औषध घेता' असा प्रश्न बहुधा असतो, तो आपण वाचला नसावा. आणि खबरदारीची गोळीही रिपोर्ट पाहिल्यावरच दिली जाते, वर्तमानपत्र वाचून नाही. रुग्णाला घाबरवायचे नाही म्हणून आम्ही सौम्य बोलतो आणि रुग्ण त्या सौम्य बोलण्यालाच प्रमाणपत्र समजतो, हा दोष माझ्या माथी मारू नये.

कमाटीबागेतला फिरस्ता:
मारणारच. कागदावर एक वाक्य लिहून दिले असते तर आज हा वाद झाला नसता. दोन मिनिटांत तपासायचे, वाचता न येणारे अक्षर काढायचे, आणि वर रुग्णानेच समजून घ्यावे!

निवृत्त फॅमिली डॉक्टर:
दोन मिनिटांत तपासणारे डॉक्टर आपण निवडले, मी नव्हे.

सुरसागरकाठचा:
भांडण थांबवा. इतके घाबरण्याचे कारण नाही. तीन वर्षे झाली की कंपनी काहीही विचारू शकत नाही, असा कायदाच आहे.

विमा प्रतिनिधी, 22 वर्षे:
तो कायदा जीवन विम्याचा आहे, विमा कायद्याचे कलम 45. प्रवास विम्याला तो लागत नाही. घरच्या आरोग्य विम्यात 2024 पासून पाच वर्षे सलग पॉलिसी चालली की लपवाछपवीचा आरोप सिद्ध फसवणुकीखेरीज करता येत नाही, पण पंचेचाळीस दिवसांच्या पॉलिसीला पाच वर्षे कोठून आणणार? घरच्या पॉलिसीचे नियम प्रवासाच्या पॉलिसीला लावून बरेच जण फसलेले मी पाहिले आहेत.

स्पष्टवक्ता:
आता मीच कायदा काढतो. 2021 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. एक गृहस्थ 2009 मध्ये लग्नासाठी अमेरिकेला निघाले, सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर उतरताच घाम फुटला, तेथे अँजिओप्लास्टी करून तीन स्टेंट बसवले. कोलेस्टेरॉलची गोळी आपण सांगितली नव्हती, असे म्हणून कंपनीने क्लेम नाकारला. न्यायालयाने निकाल त्या गृहस्थांच्या बाजूने दिला. म्हणजे गोळी लिहिली नाही तरी माणूस जिंकला. दांडियाबाजारकर, यावर काय म्हणणे आहे?

दांडियाबाजारकर:
माझे म्हणणे असे की आपण निकाल अर्धाच सांगितलात. त्या गृहस्थांनी मधुमेह फॉर्मवर लिहिला होता, पॉलिसीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीतही तो नोंदला गेला होता, आणि हे सर्व पाहून कंपनीने पॉलिसी दिली होती. ज्या आजाराची माहिती घेऊन पॉलिसी दिली त्याच आजाराचे कारण पुढे करून पैसे नाकारता येत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा आहे. आठही ठिकाणी 'नाही' लिहिणाऱ्याला त्यात काडीचा आधार नाही. उलट त्याच न्यायालयाने 2009 च्या जुलैमध्ये, मूत्रपिंडाचा जुना आजार लपवून घेतलेल्या मेडिक्लेमच्या प्रकरणात, कंपनीचा नकार योग्य ठरवला होता. आणि 2009 चा प्रवास, 2021 चा निकाल. बारा वर्षे कोर्टात काढण्याची तयारी असेल तरच असल्या विजयांची उदाहरणे द्यावीत.

स्पष्टवक्ता:
गाभा आपला आणि बारा वर्षे ग्राहकाची, हे मात्र छान वाटून घेतलेत. तो निकाल वाचला तर उलट माझीच बाजू भक्कम होते. मधुमेह मी लिहिला होता, तो पाहून कंपनीने पॉलिसी दिली, आणि तरीही त्याच मधुमेहाच्या नावावर नकार आला.

विमा प्रतिनिधी, 22 वर्षे:
हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. आपल्या पॉलिसीत 'जिवावर बेतले तरच' हे शब्द स्पष्ट असतील तर कंपनी त्यांच्या मागे उभी राहील, पण शिरेतून औषध देण्याजोगा, चढता संसर्ग मधुमेह्याच्या जिवावर बेतलेला नव्हता, हे कंपनीने कशावरून ठरवले, असे विचारता येते. तिथल्या डॉक्टरचे याबाबत पत्र मागवलेत का? विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे गेलात का? आपल्या बडोदेकरांसाठी त्यांचे कार्यालय अहमदाबादला आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, चालतही नाही, आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणे तेथे घेतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते, आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत जावे लागते. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही.

स्पष्टवक्ता:
लोकपाल ठाऊक होता. अहमदाबादला हेलपाटे कोण घालणार म्हणून बसून राहिलो.

दांडियाबाजारकर:
टोरांटोला जाताना विमान पकडायला अहमदाबादलाच गेला होतात ना?

मकरपुऱ्याचा अभियंता:
अर्ध्या गोळीच्या प्रश्नावर कोणी मूळ धोका सांगितलाच नाही. माझ्या मुलाने आम्हाला सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, कॅनडाला नेले, त्यासाठी एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा लागतो. तो घेताना कळले की तिकडच्या बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचा आजार 'स्टेबल' असेल तरच कव्हर मिळते, आणि स्टेबल म्हणजे निघण्यापूर्वीचे ठरावीक महिने, कोठे तीन, कोठे सहा, औषधात काहीही बदल झालेला नसणे. काहीही म्हणजे डोस वाढवणेच नव्हे, तर कमी करणेसुद्धा. माझी गोळी निघण्याच्या सात आठवडे आधी कमी झाली, मी घरभर पेढे वाटले, आणि नेमक्या त्याच कारणाने माझे बीपी कव्हरमधून बाहेर गेले. ताई, तुमची पॉलिसी भारतीय असेल, जर्मनीची असेल, तिचे शब्द वेगळे असतील, पण फेब्रुवारीत गोळी अर्धी झाली ही बातमी जितकी आनंदाची वाटते तितकी विम्यात असेलच असे नाही.

कमाटीबागेतला फिरस्ता:
म्हणजे तब्येत सुधारली तरी दंड. डॉक्टरसाहेब, आता तरी माझ्या बाजूने या.

निवृत्त फॅमिली डॉक्टर:
या एका बाबतीत येतो, आणि माझी चूकही सांगतो. प्रवासाच्या तोंडावर मी अनेकांचे डोस बदलून दिले आहेत, कधी रुग्णाच्याच आग्रहाने, आणि विम्याचा विचार एकदाही माझ्या मनात आला नाही. निघण्याची तारीख ठरली की ती डॉक्टरला आधी सांगावी. मग डोस बदलणे खरोखर गरजेचे आहे की परत आल्यावर चालेल, हे तोही पाहील. मात्र विमा टिकावा म्हणून गरजेचा बदल टाळू नये.

सुरसागरकाठचा:
अमेरिकेची पॉलिसी तिकडच्याच कंपनीची घ्यावी, तिच्यात बीपी-शुगर सगळे कव्हर होते, असे माझा साडू सांगतो.

दांडियाबाजारकर:
आपल्या साडूंनी 'अॅक्यूट ऑनसेट' हे शब्द गाळले असावेत. जुन्या आजाराचा अचानक, पूर्वसूचना न देता झटका आला आणि बहुतेक पॉलिसींच्या शब्दांत 24 तासांच्या आत उपचार घेतले तरच ते कव्हर चालते. हळूहळू वाढलेला त्रास, नेहमीची तपासणी, संपलेल्या गोळ्या यांतले काही त्यात येत नाही. सत्तरीनंतर ते एकतर आटते किंवा नाहीसे होते. बंधूंच्या प्रकरणानंतर मी स्वतः वहिनींसाठी तीच पॉलिसी घेतली आहे, त्यामुळे वाईट आहे असे म्हणत नाही. पण 'सगळे कव्हर' नव्हे.

स्पष्टवक्ता:
ठीक. 'सर्वत्र नाही लिहा' हे माझे वाक्य मी मागे घेतो, रागात लिहिले होते. 'खरे लिहिले तरी बुडतो' हे वाक्य मात्र राहू द्यावे, कारण तेवढे माझे अजून खरे आहे. नकाराचे पत्र काढून पाहिले, त्यावर 11 ऑगस्टची तारीख आहे. म्हणजे वर्ष व्हायला अजून तीन-साडेतीन महिने आहेत. प्रतिनिधी साहेब, तक्रारीचा मसुदा पाहून द्याल का, की त्याचाही प्रिमियम आहे?

विमा प्रतिनिधी, 22 वर्षे:
पाठवा. कमिशन नको, पण डिस्चार्जच्या कागदाची पूर्ण प्रत हवी, निवडक पाने नकोत.

कारेलीबागची सून:
काल रात्री सासूबाईंना हा सारा वाद वाचून दाखवला. त्यांनी अखेर 'होय' वर खूण करू दिली, पण औषधाच्या रकान्यात गोळीच्या नावापुढे 'अर्धी' असे ठळक लिहायला लावले.

निवृत्त फॅमिली डॉक्टर:
चालेल. सोबत मिलिग्रॅमही लिहा.