सूत्रकृमीच्या गर्भातली साखर: लेक्टिन लावावं की जनुक बंद करावं?

पळसपान:
तालुक्याच्या कॉलेजात सी. एलेगन्स या इवल्या सूत्रकृमीच्या गर्भातल्या प्रथिनांवरची साखर अभ्यासायची, तर गव्हाचं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रथिन, त्याला चमकता रंग जोडलेला) लावून चमकते फोटो काढू नयेत, हे माझं स्पष्ट मत. ते एन-असिटिलग्लुकोसमाइन या साखरेला चिकटतं, आणि अंड्याच्या कवचातलं कायटिन म्हणजे त्याचीच लांब साखळी. चमकतं ते कवच. त्यापेक्षा कॉन्ड्रॉइटिन ही साखरेची साखळी बनवणारं एसक्यूव्ही-५ जनुक आरएनएआयने बंद करा, म्हणजे त्या जनुकाशी जुळणारा आरएनए बनवणारे जिवाणू कृमींना खायला घाला. कॉन्ड्रॉइटिन बनत नाही, पहिली पेशी मधोमध दबते, पुन्हा सैल होते, आत केंद्रकं मात्र दोन. २००३ पासून माहीत असलेला हा परिणाम ४० च्या भिंगाखाली दिसतो, फ्लुरोसन्सचा (चमकता रंग दाखवणारा) सूक्ष्मदर्शक लागत नाही.

वैनगंगाकाठ:
नाही पटलं जी. कवच फोडलं की लेक्टिन आत जातं. पॉलिलायसिनचा चिकट थर दिलेल्या काचपट्टीवर अंडी, वर कव्हरस्लिप, आणि टिपकागदाने पाणी इतकंच ओढा की अंडी जेमतेम चपटी होतील. जास्त ओढलं तर चेंदामेंदा, कमी ओढलं तर वाहून जातात. द्रव नायट्रोजनने गार केलेल्या धातूच्या ठोकळ्यावर पट्टी १० मिनिटं. ड्राय आइससाठी नागपूर गाठू नका, गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनची टाकी तालुक्यालाच असते. मग कव्हरस्लिप एका झटक्यात उडवून पट्टी लगेच उणे २० च्या मिथेनॉलमध्ये. मध्ये बर्फ वितळला तर कवच तडकतच नाही.

शेजारी दुसरी पट्टी हवीच: तेच लेक्टिन, आधी अर्धा तास ०.५ मोलर एन-असिटिलग्लुकोसमाइनमध्ये मुरवलेलं, म्हणजे साखर धरायच्या त्याच्या जागा आधीच भरलेल्या. तिथेही तेवढीच चमक असेल तर फोटो बाद.

आणि कवचाचा आतला थरच कॉन्ड्रॉइटिन लागलेल्या सीपीजी-१, सीपीजी-२ प्रथिनांचा. तो गेला की कवच गळकं. मग विभाजन कशामुळे अडलं, पेशीला साखर नाही म्हणून की कवच गळतं म्हणून?

पळसपान:
हा मुद्दा मान्य, उत्तर नुसत्या आरएनएआयने मिळत नाही. पण म्हणूनच ती अंडी ब्लीचने काढू नयेत, गळक्या कवचातून ब्लीचमधलं हायपोक्लोराइट आत शिरून गर्भ मरतो. अंडी भरलेली उभयलिंगी कृमी आयसोटॉनिक बफरमध्ये (अंड्याच्या आतल्याइतकेच क्षार असलेल्या द्रावणात) सुईने कापावी. साध्या पाण्यात अंडी फुगतात, आणि तेच लक्षण म्हणून वहीत चढतं.

काळीमाती:
दोघंही तापमान विसरले. मे महिन्यात लाइट गेली की २० अंशांचं इन्क्युबेटर बघता बघता तापतं. २५ च्या वर अंडी घटतात, गर्भ मरतात, आणि सगळं जनुकाच्या नावावर मोजलं जातं. रिकाम्या प्लास्मिडच्या (जनुकाचा तुकडा न घातलेल्या डीएनए-कड्याच्या) जिवाणूंवर वाढवलेल्या कृमींची प्लेट तुलनेसाठी त्याच कप्प्यात ठेवा, आणि प्रकल्प नोव्हेंबरात सुरू करा.