मदत हवी आहे: मिस्टरी शॉपिंगचे पैसे अडकलेत, आणि आता म्हणतायत कपड्याच्या बटणात लपवलेला कॅमेरा लावा

नमस्कार मंडळी, धागा थोडा मोठा होईल पण प्लीज वाचा, इथे कुणी वकील किंवा ऑडिटमधलं असेल तर फार मदत होईल.

मी कोथरूडला राहते, दोन वर्षं मिस्टरी शॉपिंग करतेय. म्हणजे गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, एखादी वस्तू घ्यायची, आणि घरी येऊन स्टाफ कसा बोलला, बिल दिलं का, ट्रायल रूम स्वच्छ होती का याचा फॉर्म भरायचा. हे काम एक एजन्सी अ‍ॅपवरून देते, व्हिजिटचे 400 रुपये आणि बिलाचे पैसे परत. जानेवारी ते मार्च 14 व्हिजिट केल्या, त्याची फी 5,600 आणि माझ्या खिशातून गेलेली बिलं 7,850, सगळं अजून अडकलंय. एजन्सीला फोन केला की म्हणतात क्लायंटनं, म्हणजे दुकानाच्या कंपनीनं, रिपोर्ट रिजेक्ट केले. पण 26एएस (आयकराच्या साइटवरचं कर-कपातीचं स्टेटमेंट) उघडून बघितलं तर 194जे (प्रोफेशनल फीवरच्या टीडीएसचं कलम) खाली माझ्या नावावर त्याच 5,600 वर 560 टीडीएस कापलेला दिसतोय! म्हणजे त्यांच्या खात्यात माझी फी जमा धरलीये, मग रिजेक्ट कुठून आलं?

अ‍ॅग्रीमेंट म्हणजे अ‍ॅपवर टिक केलेलं. त्यात मी कर्मचारी नाही, स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टर आहे, वाद झाला तर गुरुग्रामचं कोर्ट, आणि कुणी काही दावा केला तर जबाबदारी शॉपरची. टिक करताना वाचलं नव्हतं, ते चुकलंच माझं.

आता दुसरा मुद्दा, खरं तर याच्यामुळेच झोप उडालीये. लक्ष्मी रोडच्या एका चपलांच्या दुकानात ऑडिओ लागेल म्हणाले म्हणून पर्समध्ये फोन चालू ठेवला होता. काउंटरवरची मुलगी, असेल वीस-एकवीसची, गुडघ्यावर बसून माझ्या डाव्या पायाचा पट्टा लावत होती, म्हणाली ताई एक भोक मागे घेते म्हणजे घासणार नाही. इतकं नीट बोलली. पण पॉलिश आणि मोजे घ्या असं तिनं सुचवलं नाही, फॉर्ममध्ये तो प्रश्न होता, मी 'नाही' टाकलं, आणि खाली तिच्या बॅजवरचं नाव. महिन्याभरानं परत गेले तर ती नव्हती, दुसरी म्हणाली तिला काढलं. माझ्या रिपोर्टमुळेच की आणखी कशानं, ते कुणी सांगत नाही. आणि आता त्याच एजन्सीला पुढच्या व्हिजिटला बटण कॅमेरा हवाय, चेहऱ्यासकट.

मी जे शोधलं ते असं. आपल्याकडे मिस्टरी शॉपिंगसाठी वेगळा कायदाच नाही. 2005 चा पसारा (PSARA) कायदा सिक्युरिटी गार्डच्या एजन्सींसाठी आहे, खासगी डिटेक्टिव्हसाठी 2007 ला राज्यसभेत बिल आलं होतं पण त्याचा कायदा झालाच नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यात म्हणे या कंपन्यांना खासगी तपासनीसाचं लायसन्स लागतं, इथे काहीच नाही, कुणीही अ‍ॅप काढावं. 2017 ला सुप्रीम कोर्टानं पुट्टस्वामी केसमध्ये प्रायव्हसी मूलभूत हक्क मानली. 2023 चा डेटा संरक्षण कायदा झालाय, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार. मग तोवर त्या मुलीचा आवाज, नाव कुणाच्या सर्व्हरवर पडून राहणार, आणि ते काढून टाका असं मी, किंवा ती, कुणाला सांगायचं?

आता प्रश्न. गुरुग्रामची अट असली तरी काम पुण्यात झालंय, तर दावा इथे शिवाजीनगर कोर्टात लावता येईल का? मुदत 3 वर्षांची आहे ते माहितीये. विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो असं कायद्यातच आहे, कुणी तिथून नोटीस पाठवून घेतलीये का, अनुभव सांगा. एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यात 45 दिवसांत पैसे द्यायची सक्ती आहे, पण माझं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) तेव्हा नव्हतं, आता काढलं तर जुन्या बिलांना चालेल का? आणि कॅमेऱ्याला नाही म्हटलं म्हणून ते जुने पैसे अडवू शकतात का?

शुक्रवारपर्यंत त्यांना मेल करायचंय. कॅमेरा लावणार नाही हे माझं ठरलंय, फक्त ते लेखी कसं मांडू म्हणजे पैशांच्या मागणीला धक्का लागणार नाही, ते सांगा. आणि त्या मुलीसाठी दुकानाला पत्र लिहिलं तर अ‍ॅग्रीमेंटमधली गुप्ततेची अट माझ्यावर उलटेल का, तेही.