तारीख मागे करून जुनं सन कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर चालवणं ही चोरी आहे का?

मागवाला_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, थोडी चादर पण करतो. डिझाईन रूममध्ये अजून सन कंपनीचं अल्ट्रा ५ कॉम्प्युटर आहे, सोलारिस ८ या ऑपरेटिंग सिस्टिमवर, त्यात जॅकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायचं, डिझाईन सॉफ्टवेअर, २००१ ला रोख पैसे मोजून घेतलेलं. बनवणारी परदेशी कंपनी दुसऱ्या कोणीतरी घेतली, त्यांनी ते प्रॉडक्टच बंद केलं, मेल केला तर उत्तर नाही. परवा लाईट गेली, यूपीएस पण बसला, मशीन परत चालू केलं तर सॉफ्टवेअर उघडतच नाही, लायसन्स सर्व्हर नाही म्हणतं. आमच्या डिझायनर पोरानं कुठंतरी वाचून तारीख २००३ ची केली, तरी तेच. आता माझं मत सरळ आहे. वस्तू विकत घेतलीय, भाड्यानं नाही, तर ती चालू ठेवायला तारीख मागे करा नाहीतर क्रॅक करा, काय लागेल ते करायचा मला हक्क आहे. सीए म्हणतो ही पायरसी, आणि नवीन सॉफ्टवेअर विकायला येणारा सेल्समन तर म्हणणारच की. तुमचं काय म्हणणं?

क्लाउडवाला
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अल्ट्रा ५ बाजारात आलं १९९८ ला. सन कंपनी २०१० ला ओरॅकलनं घेतली. त्या मशीनचा पार्ट मिळत नाही, माणूस मिळत नाही, आणि तुमचं अख्खं प्रॉडक्शन एका डब्यावर टांगलंय. हक्क वगैरे नंतर बघू, आधी धंद्याचा विचार करा. नवीन पीसी, नवीन सॉफ्टवेअर, विषय संपला. एका सीझनच्या ऑर्डरीत वसूल होईल.

मागवाला_सोलापूर
वसूल कुठून होईल, सुताचे भाव बघितलेत का? आणि जुन्या सगळ्या डिझाईनी त्याच सॉफ्टवेअरच्या फॉरमॅटमध्ये आहेत, नवीनवाला म्हणतो कन्व्हर्ट करून देतो, पण दर डिझाईनमागे वेगळे पैसे.

जुनी_सन
मालक, हक्काची भांडणं जरा बाजूला ठेवा. लायसन्स संपलंय हे तुम्हाला सांगितलं कोणी? तारखेला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात. मशीन चालू होताना पहिल्या स्क्रीनवर होस्ट आयडी, म्हणजे मशीनचा स्वतःचा नंबर, काय येतो, लायसन्स फाईलमध्ये सर्व्हरच्या आणि फीचरच्या (सॉफ्टवेअरच्या एकेका भागाच्या) ओळी काय आहेत, आणि लायसन्स डिमनच्या, म्हणजे मागे चालणाऱ्या लायसन्स तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लॉगमध्ये शेवटी काय लिहिलंय. ते टाका इथं. फक्त फीचरच्या ओळीतली की, म्हणजे लायसन्सचा कोड, वगळा, ती जगाला दाखवायची गरज नाही.

मागवाला_सोलापूर
पोराला बसवून बघितलं. पहिल्या स्क्रीनवर 'आयडीप्रॉम कंटेंट्स इनव्हॅलिड' असं काहीतरी, इथरनेट ॲड्रेस सगळा एफएफ एफएफ, होस्ट आयडी पण एफएफएफएफएफएफएफएफ. लॉगमध्ये 'रॉंग होस्टआयडी ऑन सर्व्हर लाईन'. लायसन्स फाईलमध्ये सर्व्हरच्या ओळीत ८० नं सुरू होणारा आठ अक्षरी आकडा. फीचर दोन, मेन डिझाईनपुढं 'पर्मनंट', आणि दुसरं टॉवेल कापडावर डिझाईन कसं दिसेल ते दाखवणारं मॉड्यूल, त्यापुढं ३१ डिसेंबर २००३.

जुनी_सन
मग झालं की! तुमचं मेन लायसन्स संपलेलंच नाही, संपलीय ती बॅटरी.

सनच्या त्या काळच्या मशीनमध्ये एनव्हीरॅम नावाची चिप असते, अल्ट्रा ५ मध्ये एम४८टी५९, सॉकेटमध्ये बसवलेली. घड्याळ, इथरनेट ॲड्रेस आणि होस्ट आयडी सगळं तिच्या पोटात, आणि लिथियमचा सेल पण तिच्याच पोटात सीलबंद. असा सेल साधारण दहा वर्षं धरायचा, आपल्याकडच्या उन्हात किती ते देव जाणे. म्हणजे तुमचा बहुतेक केव्हाच मेलेला असणार. मशीन कधी बंद करत नव्हता ना? चालू मशीनमध्ये चिपला करंट मिळत राहतो, त्यामुळं कळलं नाही, ज्या दिवशी लाईट आणि यूपीएस दोन्ही गेले त्या दिवशी ती सगळं विसरली. लायसन्स सर्व्हर फाईलमधला नंबर आणि मशीनचा नंबर ताडून बघतो, जुळला नाही की पुढं तारीख वगैरे काही बघतच नाही. म्हणून पोरानं २००३ करो की १९९३, काही फरक पडणार नव्हता.

आता हातानं फाईलमधला नंबर बदलू नका. प्रत्येक फीचरच्या ओळीत जी की असते ती त्याच ओळीतल्या माहितीवरून आणि होस्ट आयडीवरून काढलेली असते, एक अक्षर इकडचं तिकडं झालं की उणे ८ एरर, की जुळत नाही. उलटं करायचं, मशीनला त्याचा जुना नंबर परत द्यायचा. आणि तो नंबर हरवलेलाच नाही, तुमच्या सर्व्हरच्या ओळीत छापलाय. चिपवर बारकोडचा स्टिकर असेल तर त्यावरचे आकडे पण ताडून बघा.

नियमाने_चला
थांबा जरा, 'मशीनला नंबर परत द्यायचा' हे इतकं सहज लिहिलंत! होस्ट आयडी हा त्या कंपनीनं कुलूप म्हणून वापरलेला नंबर आहे. आज हे स्वतःच्या मशीनला त्याचाच नंबर देतील, उद्या शेजारच्या कारखान्यातल्या जुन्या सनला पण हाच नंबर देतील आणि एका लायसन्सवर दोन चालतील. पद्धत तीच. कॉपीराईट कायद्यात २०१२ ला ६५ए कलम आलंय, तांत्रिक संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि ६३बी, बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर कमीत कमी सात दिवस आत. सीए उगाच बोलत नाही.

जुनी_सन
६५ए पूर्ण वाचा की साहेब. कॉपीराईटचा भंग करायच्या हेतूनं तोडलं तर, असं आहे त्यात. आणि त्याच कायद्यात ५२(१)(एए) आहे, कायदेशीररीत्या ताब्यात असलेला प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला त्या कामासाठी वापरायला कॉपी किंवा फेरफार करणं, हरवण्या-बिघडण्यापासून बचाव म्हणून बॅकअप घेणं, हे भंगात धरत नाहीत. हे तर प्रोग्रॅमला हातपण लावत नाहीत, मशीनचा सेल बदलून त्याच मशीनचा नंबर त्याला परत लिहितात. सर्व्हिस इंजिनिअर यायचे तेव्हा ते पण हेच करायचे, मदरबोर्ड बदलला तर जुन्या बोर्डावरची चिप काढून नव्यावर लावायचे, म्हणजे लायसन्स चालू राहतं. चावी गंजली म्हणून तेल घालणं आणि शेजाऱ्याचं कुलूप फोडणं यात फरक आहे.

मागवाला_सोलापूर
वा, हे आवडलं. मग एवढं करतोच आहे तर ते कापड दाखवणारं मॉड्यूल पण चालू करून घेऊ की तारीख २००३ ठेवून. बायरला स्क्रीनवरच टॉवेल दाखवता येईल, सॅम्पल विणायचा खर्च वाचेल.

नियमाने_चला
बघा. मी हेच म्हणत होतो.

जुनी_सन
नाही मालक, इथं मी त्यांच्या बाजूनं. ते मॉड्यूल तुम्ही विकत घेतलं होतं का ट्रायल होती?

मागवाला_सोलापूर
ट्रायलच होती. पण आता ते विकतच नाहीत ना, मी पैसे द्यायला तयार असलो तरी घेणारा कोण? नुकसान कोणाचं होतंय?

जुनी_सन
नुकसान कोणाचं ते सोडा, तुमचंच बघा. घड्याळ २००३ वर ठेवलं की त्या मशीनवर बनणारी प्रत्येक फाईल २००३ ची. परवाची डिझाईन कोणती आणि जुनी कोणती हे तारखेवरून कळणार नाही, बॅकअपवाला नवीन फाईल जुनी समजून सोडून देणार, क्रॉनमध्ये ठरल्या वेळी आपोआप चालायला काही लावलेलं असेल ते भलत्याच वेळी पळणार. शिवाय या लायसन्सवाल्यांना ही युक्ती माहीत आहे, डिस्कवर पुढच्या तारखेच्या सिस्टिम फायली सापडल्या की उणे ८८ देतात, घड्याळ मागे केलंय म्हणून. घड्याळ बरोबर ठेवलंत तर त्या मॉड्यूलला उणे १० येईल, मुदत संपली. ते खरंच संपलंय.

पूर्वभाग_डिझायनर
ओ, मी अशाच एका कारखान्यात आधी ग्राफ पेपरवर डिझाईन काढायचो, मग कॉम्प्युटरवर आलो. ते कापड दाखवणारं मॉड्यूल कुणी वापरत नव्हतं, खरं सांगतो. टेरीचा लूप स्क्रीनवर कधी खरा दिसत नाही, आणि बायर शेवटी सॅम्पल हातात घेऊन चुरगाळूनच बघतो. भांडताय कशासाठी? तुम्ही डिझाईनी बाहेर काढा आधी. डिस्क बसली तर पर्मनंट लायसन्स घेऊन काय करणार? मोराची बॉर्डर परत ग्राफवर काढायला आता ते म्हातारे कुठून आणणार, अण्णा लोक सगळे रिटायर झाले.

क्लाउडवाला
चला, निदान एक जण तरी माझ्या बाजूनं.

पूर्वभाग_डिझायनर
तुमच्या बाजूनं नाही सर. मशीन चालू ठेवा म्हणतोय मी. जुनी डिझाईन त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकेक करून टिफ, म्हणजे साधी चित्राची फाईल, करायची, आणि लूमच्या कंट्रोलरला लागते ती फाईल पण काढून ठेवायची. हे करायला ते सॉफ्टवेअर उघडायलाच पाहिजे ना? नवीनवाला कन्व्हर्ट करतो तेव्हा विणीचं गणित हलतं, आम्ही दोन-दोनदा तपासायचो.

जुनी_सन
हे बरोबर. क्रम असा लावा. मशीन बंद करून डिस्क काढा, अल्ट्रा ५ ला साधी आयडीई डिस्क असते, लिनक्सच्या पीसीला लावा, आधी डीडी कमांडनं अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, घ्या, मग ती इमेज यूएफएस (सोलारिसची फाईल सिस्टिम) म्हणून फक्त वाचायला माउंट करा, प्रकार 'सन' सांगावा लागतो. नेटवर्कवरून टारनं फायली कॉपी करायच्या भानगडीत आत्ता पडू नका, इथरनेट ॲड्रेस सगळा एफएफ असताना नेटवर्क धड चालणार नाही.

मग चिप. नवीन म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच जुन्या स्टॉकच्या असतात, सेल आधीच अर्धा मेलेला. काही जण जुन्या चिपचं डोकं कोरून बाहेरून तीन व्होल्टचा बटण सेल जोडतात, सोल्डरिंगला हात बसलेला माणूस असेल तर ते स्वस्त पडतं. चिप बसली की सोलारिस सुरू व्हायच्या आधीच्या ओके प्रॉम्प्टवर एमकेपी कमांडनं एकेक बाइट भरायचा. पहिला ०१, मग मशीनचा प्रकार ८०, मग इथरनेटचे सहा, मग तारखेचे चार शून्य ठेवले तरी चालतात, मग होस्ट आयडीचे शेवटचे तीन, आणि सगळ्यात शेवटी आधीच्या पंधरा बाइटांचा एक्सऑर, म्हणजे तपासणीचा ताळा. हा शेवटचा चुकला की परत 'इनव्हॅलिड'. इथरनेटला ८:०:२० आणि पुढं होस्ट आयडीचेच शेवटचे तीन, सहसा तसंच असतं. मग तारीख आजची लावा. आजची!

नियमाने_चला
मेन फीचरपुरतं मी मान्य करतो, पण जुनं बिल आणि लायसन्सचा कागद फाईलला लावून ठेवा. आणि आत्ता ज्यांच्याकडं हक्क आहेत त्यांना एक रजिस्टर पत्र टाका की आम्ही त्याच मशीनवर तेच लायसन्स दुरुस्तीनंतर वापरतोय.

मागवाला_सोलापूर
बिल आहे, तेव्हाच्या मॅनेजरनं लॅमिनेट करून ठेवलंय. पत्र टाकतो. मॉड्यूलचं पण त्याच पत्रात विचारतो, किती पैसे घेता सांगा म्हणून, आणि उत्तर आलं नाही तर मग मला कोणी चोर म्हणायचं नाही.

नियमाने_चला
उत्तर न येणं म्हणजे परवानगी नाही हो.

मागवाला_सोलापूर
मग काय आहे ते सांगा की!

पूर्वभाग_डिझायनर
आधी डिस्क काढली का ते सांगा.