मदत हवी आहे : बाळांच्या दूध पावडरीच्या विक्रीबद्दल

नमस्कार मंडळी. गरीब देशांत बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बाळांची दूध पावडर कशी खपवली, यावर लिहितो आहे. परिचारिकेच्या वेशातल्या विक्रेत्या बाळंतिणींना फुकट डबे द्यायच्या. डबा संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं. मग महागडी पावडर पुरवून पुरवून, तीही अस्वच्छ पाण्यात कालवायची. जुलाब आणि कुपोषणाने बाळं दगावली. वाचताना जीव तुटतो.

१९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची अशा पावडरीच्या विक्रीबद्दलची संहिता आली. पण ती मुळात बंधनकारक नाही, प्रत्येक देशाला स्वतःचा कायदा करावा लागतो. असे कायदे मोडणाऱ्या कंपन्यांवर प्रत्यक्षात कारवाई कशी होते? आरोग्य क्षेत्रातलं कुणी समजावून सांगेल का? मराठी लेख माहीत असतील तर तेही कळवा.