आतल्या माणसाला कुलूप कुठून लावणार?

उलटतपासणी (धागाकर्ता)
काल इथे एका सभासदाने ठोकून दिलं : "झीरो ट्रस्ट, डीएलपी आणि पूर्ण लॉगिंग असेल तर आतला माणूस काहीही नेऊ शकत नाही. डेटा गेला तर तो निव्वळ आयटीचा नाकर्तेपणा." (झीरो ट्रस्ट म्हणजे आतल्या माणसालाही दर वेळी तपासूनच परवानगी द्यायची; डीएलपी म्हणजे डेटा बाहेर जाताना अडवणारं सॉफ्टवेअर; लॉगिंग म्हणजे कोणी काय केलं याची नोंद.) त्यावर 'सहमत', 'प्लस वन'ची रांग लागली. प्रतिसाद द्यायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

ज्याला कामासाठी डेटा दिसायलाच हवा, त्याच्यापासून तो लपवता येत नाही. पगारपत्रक करणाऱ्याला सगळ्यांचे पगार दिसणारच. डीएलपी कार्ड नंबरासारखे ठरावीक साचे ओळखतं. कोणी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला तर त्याला पत्ताही लागत नाही. आणि जे वाचून डोक्यात ठेवलं, ते गेटवर कोण तपासणार?

२०१३ साली अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडे काय पैसा कमी होता? तिथली गुपितं बाहेर नेणाऱ्या स्नोडेनने कुठलं कुलूप फोडलं नाही. तो कंत्राटी सिस्टम ॲडमिन, म्हणजे संगणक यंत्रणा सांभाळणारा, होता, चाव्या त्याच्याच कमरेला होत्या. नंतर एनएसएच्या प्रमुखांनी जाहीर काय केलं, तर सिस्टम ॲडमिन ९० टक्क्यांनी कमी करणार आणि नाजूक कामांना दोन माणसं लागणार. एफबीआयचा एजंट हॅन्सन १९७९ मध्ये सोव्हिएत संघाला माहिती विकू लागला आणि पकडला गेला २००१ मध्ये. मधल्या काळात आपल्यातला फितूर कोण, हे तपासायचं काम त्याच्याचकडे आलं होतं. यावर कुठलं टूल घ्यायचं, तेवढी लिंक द्या.

पॅचवर्क
'तो सभासद' म्हणजे मी. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं.

गुप्तहेरांच्या गोष्टी रंगतात, मान्य. पण तुमच्या-माझ्या ऑफिसात हॅन्सन नसतो. तिथे असतो तो अकाउंट्समधून खरेदी विभागात आणि तिथून पेमेंटला बदली झालेला माणूस. तिन्ही ठिकाणचे अधिकार त्याच्या लॉगिनवर तसेच. तोच व्हेंडर जोडतो, तोच बिल मंजूर करतो, तोच पैसे सोडतो. यात मानवी स्वभावाचं कसलंही गूढ नाही. बदली झाली तेव्हा एक फॉर्म कोणी भरला नाही, इतकंच. 'शेवटी माणूसच तो' म्हणत हात झटकायची सोय तुम्ही करून देताय.

खातेवही
पॅचवर्क यांच्याशी अर्धी सहमत. बेरिंग्ज आठवा. १७६२ ची ब्रिटिश बँक, १९९५ मध्ये बुडाली. तिचा कर्मचारी लीसन सिंगापूरमध्ये सौदेही करायचा आणि त्यांचा हिशेबही त्याच्याच हाताखाली. ८८८८८ या खात्यात तोटा दडवत गेला, ८२ कोटी पौंडांहून जास्त. त्याला हॅकिंग येत असायची गरजच नव्हती.

उरलेली अर्धी असहमती केर्व्हिएलमुळे. सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेत सौदे आणि तपासणी वेगवेगळ्या हातांत होती, कागदावर सगळं नीट. पण सौदे करणारा हा केर्व्हिएल आधी तपासणीच्या बाजूलाच काम करून आलेला, कुठली तपासणी कधी होते ते त्याला तोंडपाठ. इशारे वेळोवेळी येत होते, तो काहीतरी उत्तर देई आणि समोरचा ते मान्य करी. जानेवारी २००८ मध्ये ४.९ अब्ज युरोंचा खड्डा. काही बँका माणसाला सलग दोन आठवडे सक्तीने रजेवर पाठवतात ते त्याच्या तब्येतीसाठी नव्हे. दुसरा कोणी खुर्चीत बसला की दडवलेलं वर येतं.

नोटीसपिरियड
सगळे डेटाचं रडताय, माणसाचं कोण बोलणार? अनेक वर्षं इमानेइतबारे काम केलं. सकाळी राजीनामा मेल केला आणि चहा घेऊन जागेवर येईपर्यंत लॉगिन बंद. सिक्युरिटीवाला खुर्चीमागे उभा. ड्रॉवरमधल्या वस्तू त्याच्यासमोर पिशवीत भरल्या, चष्म्याची केससुद्धा त्याने उघडून बघितली. ज्या टीमला मी काम शिकवलं ती मान खाली घालून कीबोर्ड बडवत होती. माझ्या डोक्यात तोवर चोरीचा विचारही नव्हता. लिफ्टमध्ये मात्र पहिल्यांदा आला.

प्रत्येकाला सूर्याजी पिसाळ समजून वागवलंत तर एखादा तसा होईलच.

पॅचवर्क
वाईट वाटलं. पण हेही ऐका. आमच्याकडे एकाला नोटीस पिरियडमध्ये 'विश्वासाने' सगळे ॲक्सेस ठेवू दिले. त्याने ग्राहकांची अख्खी यादी दरांसकट पासवर्डच्या झिप फाइलमध्ये घातली, नाव दिलं 'लग्नाचे फोटो' आणि स्वतःला मेल केली. कळलं कधी? एका ग्राहकाचा फोन आला की तुमचा जुना माणूस तुमच्यापेक्षा बरोबर दोन टक्क्यांनी स्वस्त कोटेशन घेऊन आलाय.

उलटतपासणी
म्हणजे तुमच्या डीएलपीला 'लग्नाचे फोटो' दिसले नाहीत? अभिनंदन. माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात.

पॅचवर्क
पासवर्डच्या झिपच्या आत डीएलपीला बघता येत नाही, म्हणून ती बाहेर जाऊच द्यायची नाही, हा नियम तेव्हा बंद ठेवला होता. का, तर सेल्सच्या साहेबांना त्रास होत होता. हा टूलचा दोष?

नोटीसपिरियड
एकाने चोरी केली म्हणून बाकीच्यांची झडती! आणि ते स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर? दर काही मिनिटांनी फोटो, कीबोर्ड थांबला की लाल ठिपका. विचार करायला खिडकीबाहेर बघितलं तर मी कामचुकार. २०२४ मध्ये वेल्स फार्गोने डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कीबोर्ड चालू असल्याचं खोटं भासवलं म्हणून. लोक बोटं हलवायचं यंत्र विकत घेतात, याची लाज कोणाला वाटायला हवी?

कट्ट्यावरचा
अवांतर : आमच्याकडे एकाने माउस टेबलफॅनला बांधला होता. त्या महिन्यात उत्पादकतेत तो पहिला आला.

खातेवही
हसू आलं, पण धाग्याला फाटे फुटताहेत. कामचुकारपणा पकडणं आणि चोरी पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच सॉफ्टवेअरच्या बिलात दोन्ही बसवतात आणि मग खरा इशारा लाल ठिपक्यांच्या ढिगाखाली जातो.

नोटीसपिरियड
फाटे? ज्यांच्यावर हे सगळं लादलं जातं त्यांनी बोललं की फाटे. वा.

खातेवही
तुमचा अपमान झाला, त्याबद्दल दुमत नाही. पण राजीनाम्यानंतर लॉगिन बंद होणं हा अपमान नव्हे. चष्म्याची केस उघडणं हा. दोन्हींची मोट बांधू नका.

नोटीसपिरियड
ठीक. लॉगिनचं सोडलं. केसचं सोडणार नाही.

उलटतपासणी
मूळ मुद्द्यावर येऊ का? पॅचवर्क, तुमच्या 'पूर्ण लॉगिंग'बद्दल. यूबिक्विटी या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीत २०२० च्या अखेरीस एका वरिष्ठ इंजिनियरने स्वतःच्याच अधिकारांनी डेटा उतरवला आणि जानेवारी २०२१ मध्ये निनावी राहून जवळपास २० लाख डॉलरची खंडणी मागितली. काही लॉग एका दिवसातच पुसले जातील अशी सेटिंग त्यानेच केली. वर चोरीच्या तपासाच्या टीममध्ये तोच! पकडला गेला कशामुळे, तर घरचं इंटरनेट मध्येच गेलं, खरा पत्ता झाकणारं व्हीपीएन तुटलं आणि खरा आयपी, म्हणजे घरच्या इंटरनेटचा पत्ता, उघडा पडला. कुंपणच शेत खात असेल तर लॉग कोणाच्या भरवशावर?

पॅचवर्क
लॉग ज्याच्या हातात त्यालाच ते पुसता येत असतील, तर त्याला लॉगिंग म्हणतच नाहीत. ते वेगळ्या खात्यात, वेगळ्या माणसाच्या ताब्यात जायला हवेत. आणि आयपी शेवटी लॉगमध्येच सापडला ना?

असो. 'काहीही नेऊ शकत नाही' यातलं 'काहीही' मागे घेतो. फोटोला उपाय नाही. स्क्रीनवर नावाचा वॉटरमार्क टाकता येतो, म्हणजे फोटो कोणाच्या स्क्रीनचा ते नंतर कळतं. खूश?

उलटतपासणी
'नंतर' या शब्दावर खूश. आता बदलीच्या वेळच्या तुमच्या त्या फॉर्मबद्दल सांगा. जुने अधिकार काढायचे की नाहीत, हे तुमच्याकडे ठरवतं कोण?

पॅचवर्क
दर तिमाहीला मॅनेजरला यादी जाते. त्याने एकेक नाव तपासून सही करायची.

खातेवही
आणि तो करतो? मी ऑडिटला अशा याद्या बघते. शेकडो ओळी, शेरा एकच, 'सर्व मंजूर', तोही शुक्रवारी संध्याकाळी यादी उघडल्यापासून दोन मिनिटांत. एका यादीत तर मॅनेजरने वर्षभरापूर्वी वारलेल्या माणसाचा ॲक्सेस 'कामासाठी आवश्यक' म्हणून कायम ठेवला होता.

पॅचवर्क
त्यात आयटी काय करणार? सही मॅनेजरची.

उलटतपासणी
हेच कालच्या प्रतिसादात लिहिलं असतंत तर मला हा धागा काढावा लागला नसता.