मदत हवी आहे: वायरिंगचं काम देण्याआधी ठेकेदाराचा परवाना कसा तपासावा? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पंचवटीत आमचं जुनं दोन मजली घर आहे. खाली सासू-सासरे, वर आम्ही. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचंच, अर्थिंगचा पत्ताच नाही. पावसाळ्यात न्हाणीघराच्या भिंतीला ओल आली की गीझर चालू असताना नळाला हात लावला तरी झिणझिण्या येतात. म्हणून सगळं वायरिंग नव्याने करायचं आणि सिंगल फेजचं थ्री फेज करून घ्यायचं ठरवलंय. त्यासाठी महावितरणकडे अर्जासोबत परवानाधारक ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा अहवाल) द्यावा लागतो, आणि घोडं तिथेच अडलंय.

पहिला ठेकेदार मेन रोडवरच्या एका दुकानदाराने सुचवला. भाव बराच कमी. परवाना मागितल्यावर त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. शिक्का दिसतोय, पण मुदतीची तारीख असते तो खालचा भाग कापलेला. वर ज्या फर्मचं नाव आहे, ते कोटेशनवर कुठेच नाही. विचारलं तर म्हणाला, "ताई, रिपोर्टचं टेन्शन घेऊ नका, सही मी आणून देतो." म्हणजे सही करणारा आमच्या घराचा उंबरासुद्धा ओलांडणार नाही. मला हे अजिबात पटत नाही. सासरे म्हणतात, माणसाच्या हाताला गुण आहे ना, मग झालं. त्यांना दुखवायचंही नाही, पण दोन लहान मुलं आहेत घरात.

दुसरा ठेकेदार सिडकोतला. कागद व्यवस्थित दाखवले, पण प्रत्यक्ष कामाला येणारी मुलं वेगळीच असणार. त्यांच्याकडेही वायरमनचा परवाना हवा ना? आणि ठेकेदाराने आधी केलेली कामं, दिलेले रिपोर्ट कुठे पाहायला मिळतात का?

प्रतिसाद

ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो गीझर बंद करा आणि वायरिंग होईपर्यंत लावू नका. नळाला झिणझिण्या म्हणजे करंट पाण्यातून नाहीतर पाइपमधून येतोय.

मी अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, हे कागद रोज हाताळतो. ठेकेदाराचा परवाना महावितरण देत नाही. तो राज्य सरकारच्या मुख्य विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीतलं अनुज्ञापक मंडळ देतं. आपल्या नाशिकलाही विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे. परवाना क्रमांक घेऊन तिथे चौकशी करा. फोटोवर जाऊ नका, मूळ परवाना पाहा: फर्मचं नाव, क्रमांक, मुदत. तेच नाव कोटेशनवर आणि बिलावर यायला हवं. सुपरवायझरचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि वायरमनचं वेगळं, तेही मागा. मदतनीस मुलांकडे परवाना नसला तरी त्यांच्यावर परवानाधारक वायरमन उभा हवा.

घरगुती वायरिंगच्या जुन्या कामांची यादी लोकांना पाहता येईल अशी कुठे नसते. त्यापेक्षा गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन घरांचे पत्ते मागा आणि स्वतः जाऊन या. तिथला टेस्ट रिपोर्ट पाहायला मिळाला तर उत्तम. सही कोणाची, आणि घरमालकाने त्या माणसाला कधी पाहिलंय का, एवढं विचारलं तरी पुरे.

आणि तुमच्या घरी मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तुमच्यासमोर लावायला सांगा. ५०० व्होल्टवर इन्सुलेशन निदान १ मेगओहम यायला हवं. अर्थिंगही मोजायला लावा. सही 'आणून देणारे' हे आकडे घरी बसून भरतात, म्हणूनच तुमची शंका रास्त आहे. कोटेशनमध्ये ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आणि गीझर, एसीला ४ चौरस मिमीची वायर आहे का तेही बघा. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. गीझरचा फ्यूजच काढून ठेवला. स्वस्तवाल्या कोटेशनमध्ये आरसीसीबी खरंच नाही, सासऱ्यांनाही दाखवलं. मूळ परवाना दोघांकडेही मागितला आहे. विद्युत निरीक्षक कार्यालयात हल्ली कोणी जाऊन आलंय का? परवाना क्रमांकावरून तोंडी माहिती देतात की लेखी अर्ज करावा लागतो?